भाडेकरार अकरा महिन्यांचाच का असतो?

पुण्यात किंवा मुंबईत तुम्ही भाड्यानं राहत असाल, तर कपाटात कुठंतरी भाडेकराराची प्रत नक्की पडलेली असेल. ती काढा आणि एकदा नीट वाचा. बहुतेक जण फक्त भाड्याचा आकडा आणि डिपॉझिट बघून सही करतात. पण त्या कागदात तीन गोष्टी चमत्कारिक आहेत. एक, मुदत बहुतेक वेळा ११ महिन्यांची असते. १२ का नाही? दोन, वर ‘लिव्ह अँड लायसन्स’ असं लिहिलेलं असतं, ‘भाडेपट्टा’ असं नाही. तीन, अख्ख्या करारात तुम्हाला बहुधा ‘भाडेकरू’ म्हटलेलंच नसतं, ‘लायसन्सी’ म्हटलेलं असतं. भाडं तर तुम्ही दर महिन्याला देता. मग भाडेकरू का नाही?

मी भूगोलात एम.एस्सी. केलं आणि आता पीएच.डी.साठी शहरातली भाड्याची घरं हा विषय घेतला आहे. गावाकडं, म्हणजे इंदापूर तालुक्यातल्या कळसला गेले की हमखास कुणीतरी विचारतं, “कशावर करतीयेस गं पीएच.डी.?” भाड्याच्या खोल्यांवर, असं सांगितलं की समोरचा माणूस हसतो. त्यात कसलं आलंय संशोधन! पण त्याच माणसाचा पोरगा पुण्यात नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करत असतो आणि पगारातला किंवा उसाच्या बिलातला मोठा वाटा त्या कॉटवर जात असतो. खडकाचे थर बघून नदी कधी कुठून वाहत होती ते सांगता येतं. भाडेकराराचंही तसंच आहे. त्यातली कलमं निरनिराळ्या काळात, निरनिराळ्या भीतीपोटी साचलेली आहेत. हे थर खालून वर पाहू.

पहिला थर: खोली नव्हे, झोपायची जागा

मुंबईत १८५०च्या दशकात पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत परळ, लालबाग, वरळी, शिवडी या भागाचं गिरणगाव झालं. कोकणातून आणि घाटावरून, म्हणजे रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून माणसं येत राहिली. आपल्याकडच्या १८७६ ते ७८ च्या दुष्काळानं ही रीघ वाढवली.

आलेला माणूस घर शोधत नसे. तो ‘गाववाले’ शोधत असे. एका खोलीत एकाच गावचे, एकाच पंचक्रोशीतले दहा-पंधरा गडी. पाळीनुसार एक उठला की त्याच जागेवर दुसरा आडवा व्हायचा. सामान म्हणजे एक ट्रंक आणि वळकटी. जेवण खानावळीत, जी बहुतेक वेळा एखादी गिरणी कामगाराची बायको किंवा विधवा बाई चालवायची. बायकापोरं गावाकडं, शेताच्या तुकड्यावर. मराठीत ‘घर’ आणि ‘बिऱ्हाड’ असे दोन वेगळे शब्द आहेत ते उगाच नाहीत. घर गावाला, शहरात बिऱ्हाड, आणि कित्येकांच्या नशिबी तेही नाही, नुसती वळकटीपुरती जागा.

१९११च्या जनगणनेच्या सुमारास मुंबईत दर दहा माणसांपैकी सुमारे सात माणसं एकाच खोलीच्या घरात राहत होती. म्हणजे चाळीतली खोली ही अपवादात्मक गरिबी नव्हती. मुंबईकराचं सर्वसाधारण घर तेच होतं. आजच्या ‘कॉट बेसिस’ला पीजीचं गोंडस नाव मिळालं असलं तरी हिशोब तोच आहे: घर परवडत नाही, म्हणून घराचा तुकडा घ्यायचा, आणि तो ओळखीतून घ्यायचा.

दुसरा थर: प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. थोड्याच महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून पळाले. साथ दाटीच्या वस्तीत पसरते हे सरकारला दिसत होतं, म्हणून १८९८ मध्ये कायदा करून ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. काम काय? दाट वस्त्या पाडणं, रुंद रस्ते काढणं, नवी घरं बांधणं. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट हे रस्ते आणि दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती ही त्यातूनच आली.

पण इथं एक साधं गणित आडवं आलं. ट्रस्टनं सुरुवातीच्या दोन दशकांत जितक्या खोल्या पाडल्या, तितक्याही बांधल्या नाहीत. पाडलेल्या खोलीतला हमाल दादरच्या नव्या कॉलनीत जाणार नव्हता. तो शेजारच्या गल्लीतल्या, आधीच भरलेल्या खोलीत शिरला. तिथलं भाडं वाढलं. आरोग्यासाठी हाती घेतलेल्या कामानं गर्दी एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत ढकलली. पुनर्विकासाच्या बातम्या वाचताना हे गणित आजही करून बघावं: किती खोल्या जाणार, किती येणार, आणि येणाऱ्या खोल्यांत जाणारी माणसं परवडून राहू शकणार का?

तिसरा थर: ग्लासगोहून आलेला कायदा

पहिल्या महायुद्धात सगळीकडं एकच चित्र होतं. कारखाने जोरात, बांधकाम ठप्प, घरभाडी वर. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात १९१५ साली हजारो कुटुंबांनी वाढीव भाडं द्यायला नकार दिला. मेरी बार्बर ही त्या लढ्यातली पुढारी. पुरुष कामावर असताना बायका दारात उभ्या राहून जप्तीवाल्यांना परत पाठवत. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटला भाडी गोठवणारा कायदा करावा लागला. त्याच्या नावात ‘वॉर रिस्ट्रिक्शन्स’ हे शब्द होते.

तीन वर्षांनी, १९१८ साली मुंबई सरकारनं कायदा केला: ‘बॉम्बे रेंट (वॉर रिस्ट्रिक्शन्स) ॲक्ट’. नावसुद्धा तेच! १ जानेवारी १९१६ रोजी जे भाडं होतं, तेच ‘प्रमाणित भाडं’ धरायचं. युद्धापुरती सोय होती, म्हणून तो १९२०च्या दशकात टप्प्याटप्प्यानं संपलाही.

त्याच काळात गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी दुसरा मार्गही धरला. १९२० साली ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’, म्हणजे बीडीडी, सुरू झालं. ५०,००० खोल्या बांधायचं ठरलं. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, शिवडी आणि आजचा ना. म. जोशी मार्ग इथं मिळून २०७ चाळी, सुमारे १६,००० खोल्या झाल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. आणि गंमत म्हणजे सुरुवातीला यातल्या बऱ्याच खोल्या रिकाम्या राहिल्या. कामगाराला भाडं जास्त वाटत होतं, वरळी तेव्हा गिरण्यांपासून आडबाजूला होती, आणि काँक्रीटच्या त्या खोल्या कोंदट होत्या. शहरात घरांची चणचण असताना घरं रिकामी! हे वाक्य लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

चौथा थर: गोठलेलं भाडं

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच झालं, आणि फाळणीनंतर निर्वासितांची भर पडली. या वेळी आलेला कायदा ‘मुंबई भाडेनियंत्रण कायदा, १९४७’ म्हणून ओळखला जातो. तो पुण्यासारख्या शहरांनाही लागू होता. यात १ सप्टेंबर १९४० चं भाडं प्रमाण धरलं गेलं. जी जागा त्यानंतर पहिल्यांदा भाड्यानं दिली, तिचं पहिलं भाडं प्रमाण. भाडेकरूला सहजासहजी काढता येणार नाही, हे कलमही आलं. हा कायदाही मुळात तात्पुरताच होता. फक्त त्याची मुदत वाढत गेली, वाढत गेली, आणि तो पन्नास वर्षांहून जास्त टिकला.

त्या वेळी हा कायदा आला नसता, तर लाखो कुटुंबं रस्त्यावर आली असती, हे आधी मान्य करू. गिरगावातला कारकून, लालबागचा विणकर, पुण्यातल्या पेठांमधल्या वाड्यांतला मास्तर यांची पोरं एका पत्त्यावर राहून शिकली, ती या कायद्यामुळं.

पण हिशोब करून बघा. समजा एका खोलीचं भाडं १९४० साली २० रुपये होतं आणि महागाई वर्षाला सरासरी ६ टक्के धरली. ५७ वर्षांत किमती साधारण २८ पट होतात. म्हणजे १९९७ साली मिळणाऱ्या त्या २० रुपयांची किंमत १९४०च्या हिशोबानं पाऊण रुपयाच्या आत आली. त्यात मालक जिन्याची फळी कशी बदलणार? तो बदलत नाही. दक्षिण मुंबईत जुन्या इमारती पावसाळ्यात कोसळू लागल्या. शेवटी १९६९ साली सरकारनं दुरुस्ती मंडळाचा कायदा केला आणि अशा इमारतींवर उपकर लावला. सुरुवातीला उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती. भाडं वाचलं, पण डोक्यावरचं छत गळायला लागलं.

इथं मला आपल्या तालुक्याचं उदाहरण आठवतं, आणि ते फारसं कुणी भाड्याच्या संदर्भात सांगत नाही. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जमिनीची नवी मोजणी आणि आकारणी सुरू केली ती आपल्या इंदापुरात. आधीची आकारणी इतकी जड होती की जमिनी पडीक पडत होत्या. त्यांनी सारा उतरवला आणि ३० वर्षांसाठी कायम केला. शेतसारा म्हणजे एका अर्थी सरकारला द्यायचं जमिनीचं भाडंच. भाडं कमी, आणि ३० वर्षं वाढणार नाही याची खात्री, म्हटल्यावर पडीक रानं पुन्हा नांगराखाली आली. मग १८६७ साली मुदत संपली. फेरआकारणी झाली ती अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं कापसाला आलेल्या तेजीनंतर, आणि साऱ्यात मोठी वाढ झाली. पुढं भाव पडले, सारा मात्र चढाच राहिला, शेतकरी सावकाराकडं गेला. १२ मे १८७५ रोजी बारामतीजवळच्या सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या. दख्खनच्या दंग्यांची सुरुवात ती. त्याची कारणं अनेक होती, वाढीव सारा हे त्यातलं एक.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की काय दिसतं? स्थिर भाडं वाईट नसतं. उलट इंदापुरात त्याचा फायदाच झाला. पण ते कधीतरी, ठरलेल्या पद्धतीनं, थोडंथोडं वाढावं लागतं. इंदापुरात ३० वर्षांची वाढ एकदम आली आणि शेतकरी मोडला. मुंबईत वाढ आलीच नाही आणि इमारत मोडली.

पाचवा थर: पागडी आणि ‘परवानगी’

उघड भाडं वाढवता येत नाही म्हटल्यावर पैसा मागच्या दारानं फिरू लागला. त्याचं नाव पागडी. खोली बदलताना नवा माणूस मोठी रक्कम रोख देई, त्यात जुना भाडेकरू आणि मालक वाटेकरी. १९४७च्या कायद्यात असे पैसे मागणं गुन्हा होता, तरी सगळं शहर ते करत होतं. याचा अर्थ असा की ज्याच्याकडं खोली होती त्याला कमी भाडं, आणि जो एसटीतून नुकताच उतरला त्याला पागडी. कायद्यानं आत असलेल्याला वाचवलं, आणि त्याची किंमत बाहेर उभ्या असलेल्यानं भरली. नव्या जोडप्याला खोलीत एकांत मिळत नाही, हा तर विनोदाचा विषय झाला. १९७० सालचा ‘मुंबईचा जावई’ हा सिनेमा याच अडचणीवर उभा आहे.

मालकांनी दुसरीही पळवाट काढली. ‘भाडेकरू’ला कायद्याचं संरक्षण आहे ना? मग भाडेकरू ठेवायचाच नाही. १८८२च्या सुविधाधिकार कायद्यात ‘लायसन्स’ ही कल्पना आहे. म्हणजे जागेत कसलाही हक्क न देता ती वापरायची नुसती परवानगी. लग्नाचा हॉल आपण एका दिवसासाठी घेतो, तसं. ही कल्पना राहत्या घराला लावली, आणि तुमच्या कागदावरचं ‘लिव्ह अँड लायसन्स’ आलं. तुम्ही भाडेकरू नाही, परवानगीनं राहणारे पाहुणे आहात, फक्त पैसे देणारे.

सरकारनं ही पळवाट १९७३ साली अडवायचा प्रयत्न केला. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते, त्यांना कायद्यानं भाडेकरू मानलं गेलं. त्या लोकांना मोठाच दिलासा मिळाला. पण मालकांनी यातून धडा वेगळा घेतला: आज परवानगी द्यावी आणि उद्या सरकारनं तिचा हक्क करावा, त्यापेक्षा घर कुलूपबंद बरं. भाड्यासाठी चाळ बांधणं तर केव्हाच थांबलं होतं. बिल्डर आता विकायलाच घरं बांधत होते, आणि १९६३ सालचा फ्लॅट मालकीचा कायदा त्याच बदलाची खूण आहे.

आणि ते ११ महिने? १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. नोंदणीची कटकट आणि खर्च टाळायचा, तर वर्षाच्या आतली मुदत घाला. शिवाय माणूस मुळं धरायच्या आत करार संपतो. मालकाची भीती आणि नोंदणीचा खर्च, या दोन्हींतून हा आकडा आला.

कायदा ज्यांच्यापर्यंत पोचलाच नाही

आतापर्यंत मी भाड्याच्या आकड्याबद्दल बोलले. पण काही जणांचा प्रश्न भाड्याचा नव्हताच. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू झाले. खिशात पगार होता, पदव्या होत्या, पण अख्ख्या शहरात कुणी खोली देईना. शेवटी ते पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना तिथून निघावं लागलं. दिवसभर बागेत बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली. पुढं बरीच वर्षं त्यांचं बिऱ्हाड परळला, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत होतं. खाजगी मालकानं नाकारलेल्या माणसाला सार्वजनिक संस्थेच्या चाळीत जागा मिळते, हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. भाडेनियंत्रणाच्या एकाही कायद्यानं ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाला हात घातला नाही. आजही फोनवर आधी आडनाव विचारलं जातं, मग व्हेज का नॉनव्हेज, मग ‘बॅचलर असाल तर सोसायटी परवानगी देत नाही’. भाड्याचा आकडा त्यानंतर.

सगळ्यात वरचा थर: आजचा कागद

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं की १९४०च्या पातळीवर भाडी अडकवून ठेवणं आता अवाजवी झालं आहे. मग ‘महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९’ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यानं जुन्या भाडेकरूंना संरक्षण ठेवलं, वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली आणि पागडीला कायदेशीर मान्यता दिली. लिव्ह अँड लायसन्सही अधिकृत झालं: मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर दुप्पट रक्कम भरावी लागते.

परिणाम? देशाच्या शहरी भागात १९६१ साली ५४ टक्के कुटुंबं भाड्यानं राहत होती. २०११ मध्ये २८ टक्के. आणि त्याच २०११च्या जनगणनेत शहरांमध्ये १ कोटी १० लाखांच्या आसपास घरं रिकामी सापडली. बीडीडीच्या रिकाम्या खोल्या आठवल्या ना? तेव्हा खोल्या कामगाराला परवडत नव्हत्या. आता मालकाला भाड्यानं देणं फारसं परवडत नाही. समजा ६० लाखांचा फ्लॅट आणि महिना १५,००० भाडं. वर्षाचे झाले १ लाख ८० हजार, म्हणजे ३ टक्के. त्यातून मेंटेनन्स आणि कर वजा. एवढ्यासाठी भाडेकरूची जोखीम कोण घेईल? मालक घर बंद ठेवून किंमत वाढायची वाट बघतो. आणि जो भाड्यानं देतो, तो आपली भीती डिपॉझिटच्या रूपानं तुमच्याकडून वसूल करतो.

म्हणून मी या गोष्टीत खलनायक शोधत नाही. चाळीतला जुना भाडेकरू गळक्या छताखाली आहे, मालक ७० वर्षांपूर्वीच्या आठवणीनं घाबरलेला आहे, आणि कळसहून आलेला पोरगा दोघांच्या भांडणाची किंमत भरतोय. व्हिएन्नात १९१९ ते १९३४ या काळात महापालिकेनं ६० हजारांवर घरं भाड्यासाठी बांधली, आणि तिथं आजही मोठी लोकसंख्या सार्वजनिक मालकीच्या घरात भाड्यानं राहते. आपण मात्र बीडीडीनंतर हा मार्ग फार पुढं नेला नाही. ‘घर पाहावे बांधून’ असं म्हणत मालकीचं घर हेच एकमेव ध्येय मानलं, आणि शहरात दोन-पाच वर्षं राहणाऱ्याचा विचार सोडून दिला. माझ्या मते भाड्याचा प्रश्न नुसता कायद्यानं सुटणार नाही. भाड्यासाठीच बांधलेली घरं लागतील.

तोवर त्या कागदावर परत या. १९९९च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की महाराष्ट्रात करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, मुदत ११ महिन्यांची असो वा ३६. म्हणजे ज्या कारणासाठी ११ महिने आले, ते कारण आपल्या राज्यात उरलेलंच नाही, सवय तेवढी उरली आहे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाड्यानं राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. तेव्हा पुढच्या वेळी एजंट म्हणाला, “नोटरी पुरे, रजिस्टर कशाला करता?”, तर कलम ५५ एवढंच म्हणा. आणि मुदत जास्त हवी असेल तर मागा. २४ किंवा ३६ महिन्यांचे करार होतात, दरवर्षी किती टक्के वाढ हे आधीच लिहून. इंदापूरच्या साऱ्यानं शिकवलं ते एवढंच: वाढ लहान असावी, आणि आधी माहीत असावी.